मोरीतल्या मुंग्या

अकरावीला पेशीपटल शिकवायची वेळ आली की माझ्या बरोबरीच्या सगळ्या बाया वर्गात मनुका घेऊन जायच्या. वाटीत पाणी, पाण्यात मनुका, दोन-तीन तासांनी मनुका टम्म, झालं परासरण. मी उभ्या नोकरीत एकदाही मनुका भिजवल्या नाहीत. आमच्या प्राचार्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही प्रात्यक्षिक काऊन नाही करत?" मी म्हटलं, "सर, माझं प्रात्यक्षिक घरीच झालेलं आहे, आणि ते पुन्हा बघायची माझ्यात हिंमत नाही." त्यांना वाटलं, बाई चढेल आहे. चढेल मी आहेच, पण ते उत्तर खरं होतं. ज्या हिवाळ्यात मी हा धडा शिकले त्या हिवाळ्यात आमचे अब्बा जवळजवळ गेलेच होते, आणि त्यांना त्या वाटेला लावणारे हात दुसऱ्या कुणाचे नव्हते. माझे होते.

आम्ही जळगाव जामोदचे. अब्बा मुरब्बा करायचे, आवळ्याचा. गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. मुरब्बेवाले चाचा म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवायचं. दिवाळी झाली की सातपुड्यातून बाया डोक्यावर आवळ्याच्या टोपल्या घेऊन उतरायच्या, त्या बाजारात बसायच्या आधी आमच्या दारात थांबायच्या. अब्बा टोपलीत कोपरापर्यंत हात घालून अगदी तळचा आवळा वर काढत आणि दाताने फोडून बघत. "चाचा, आमच्यावर भरोसा नाई का?" एखादी बाई हसत विचारायची. "तुमच्यावर हाये वो बाई, टोपलीवर नाई," अब्बा म्हणायचे. हे बोलणं दर वर्षी तसंच व्हायचं आणि दर वर्षी दोघंही हसायचे. घरात आम्ही जे बोलायचो ते उर्दू होतं की वऱ्हाडी, हे आम्हालाही सांगता आलं नसतं. एकाच वाक्यात दोन्ही नांदायच्या. इथे मी ते वऱ्हाडीतच लिहितेय, कारण अब्बा माझ्या कानात त्याच भाषेत बोलतात.

मुरब्ब्याला लोक सोपं काम समजतात. आवळा घ्या, पाकात टाका! अरे, इतकं सोपं असतं तर अब्बांच्या पाठीला पोक कशाला आलं असतं? आधी आवळे पाण्यात मुरवायचे, मग टोचायचे. टोचायला एक लाकडी दट्ट्या होता, त्याला खालून सुया ठोकलेल्या. अम्मी आणि मी ओसरीवर समोरासमोर बसून टोचायचो आणि दिवसभर घरात कच्च कच्च असा आवाज चालायचा. शेजारच्या म्हणायच्या, तुमच्या घरी पाहुणे आले की काय, सुपारी कातरण्याचा आवाज येतो. टोचलेले आवळे चुन्याच्या निवळीत ठेवायचे, मग तुरटीच्या पाण्यात, मग धुऊन उकळत्या पाण्यातून काढायचे, कापडावर पसरून कोरडे करायचे. आणि त्यानंतर पाक. पहिल्या दिवसाचा पाक पातळ, जवळजवळ सरबतच. दुसऱ्या दिवशी तो पाक काढून आटवायचा, निववायचा, पुन्हा आवळ्यांवर घालायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं आठवडाभर. शेवटी पाक मधासारखा व्हायचा आणि आवळा उजेडात धरला की आतली बी दिसायची. सगळं घर गोड वासाने भरलेलं असायचं, उशा, वह्या, माझी वेणीसुद्धा. कॉलेजात मैत्रिणी माझ्या ओढणीचा वास घ्यायच्या.

आणि मुंग्या! ज्या घरात वर्षानुवर्षं साखर शिजते त्या घरात मुंग्या भाडेकरू नसतात, मालक असतात. पाटावर मुंग्या, उंबऱ्यावर मुंग्या, अब्बांच्या चपलेत मुंग्या. अम्मी हळदीचा डबा कमरेला बांधल्यासारखी फिरायची. जिथे रांग दिसेल तिथे चिमूट टाकायची आणि ज्याच्यामुळे रांग लागली असेल त्याला बोलणी. तो 'ज्याच्यामुळे' बहुतेक वेळा मीच असायची.

त्या वर्षी मी अकरावी शास्त्राला गेले होते. अब्बा आवळ्याच्या हंगामाआधीच सुकायला लागले. आधी सदरा ढिला झाला, मग कमरेचा पट्टा, मग गालांत खड्डे पडले. पाणी तर इतकं प्यायचे की अम्मी चिडायची, "विहीर पिऊन राह्यले का?" दिवसातून कितीदा तरी परसातल्या मोरीकडे जायचे. भट्टीसमोर बसले की बसल्या जागी डुलकी लागायची. अम्मीने त्याचा अर्थ लावला, कष्टाने कमजोरी आली. आणि कमजोरीवर आमच्या घरात औषध काय? तेच, जे आम्ही साऱ्या तालुक्याला ताकदीचं म्हणून देत होतो. बाळंतिणीला द्या, म्हाताऱ्याला द्या, तापातून उठलेल्याला द्या. मग घरच्या माणसाला नको?

ते काम मी मागून घेतलं. रोज सकाळी कॉलेजला निघायच्या आधी चिनी मातीच्या बशीत दोन मोठे आवळे आणि वाटीभर पाक घेऊन मी अब्बांच्या बाजेवर बसायची. ते आवळा हळूहळू खात, मी वहीत डोकं घालून काहीबाही पाठ करत असे. वाटी संपली की बोट फिरवून दाखवायची, हे राहिलं. ते निमूट चाटायचे. दुपारी तहान लागली की अम्मी त्याच पाकात लिंबू पिळून सरबत द्यायची. आज हे लिहितानाही माझा हात थांबतो. मी नंतर आयुष्यभर शेकडो पोरींना शिकवलं, की आधी बघा, मग ठरवा. स्वतः मी काय बघितलं? बाप दिवसेंदिवस अर्धा होतोय आणि मी वाटीचा तळ बघत होते.

त्यातच मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची जाड काळी रांग लागली. अम्मीने माझी वेणी धरली. "पाकाची भांडी मोरीत काऊन धुतली तू? किती वेळा सांगतलं, बाहेर घास म्हणून!" मी शपथेवर सांगितलं की मी धुतली नाहीत. "मग का मुंग्यांले दावत दिली कोणी?" अम्मी म्हणाली आणि हळद टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग, पुन्हा माझ्यावर आरडाओरड. दुसऱ्या कुठल्याही घरात मोरीत अशा मुंग्या लागल्या असत्या तर एखाद्या जाणत्या माणसाचं काळीज चरकलं असतं. आमच्या घरात फक्त माझा कान पिळला गेला.

थंडी वाढली तसे अब्बांचे पाय इतके गळाले की भट्टीपर्यंत जाणंही होईना. एक मोठा घाणा तयार होता. आवळे टोचून, चुना-तुरटीतून काढून झाले होते. मी म्हटलं, मी करते. अब्बा बाजेवरून म्हणाले, "तुयी शिकवणी, तुया अभ्यास. होईन का तुयानं?" मला रागच आला. शास्त्राला पहिल्या पाचात येणारी पोरगी मी, मला साखर वितळवता येणार नाही? "तुमी निजा," मी म्हटलं. पण मनात मी हिशेब केला, की शेवटी जर पाक घट्टच करायचा आहे, तर आठवडाभर रोज काढ, आटव, घाल हे कशासाठी? आवळे उकळत्या पाण्यात नुसते बुडवून काढले, पाक थेट मधासारखा घट्ट केला, निवल्यावर ओतला, फडकं बांधलं आणि ऐटीत अभ्यासाला बसले. घरच्या धंद्यात मी एका दुपारी क्रांती केली होती.

सकाळी फडकं सोडलं तर पातेल्यात माझे आवळे ओळखू येईनात. सुरकुतून सुपारीएवढे झालेले, कडक, काळपट, वर तरंगणारे. आणि पाक? घट्ट केलेला पाक पाण्यासारखा पातळ, शिवाय आदल्या दिवशीपेक्षा बोटभर वर आलेला. अम्मी तोंडाला पदर लावून उभी राहिली. अब्बा भिंतीला धरून धरून आले, एक आवळा उचलला, तळहातावर फिरवला. मला वाटलं आता बोलतील. ते फक्त म्हणाले, "एकदम पाजला बेटा तू याले. एकदम पाजलं की ते पेत नाई. उलटं त्याचंच पानी सुटते." मग तिथेच खाली बसले आणि म्हणाले, "मले पानी दे जराक."

मला ते आवळे काहीही करून वाचवायचे होते. दोन आवळे रुमालात बांधून मी गवई बाईंकडे गेले. गवई बाई आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. पुस्तक इंग्रजीत होतं, बाई वऱ्हाडीत होत्या, म्हणून आम्ही तरलो. त्यांच्या वस्तीतून डिग्री घेणाऱ्या त्या पहिल्या, आणि तो मान त्या कडक इस्त्रीच्या पातळासारखा वागवायच्या. मी रुमाल सोडला. "वो माय!" त्या खळखळून हसल्या. "हे काय केलं वो नसीम? परवा फळ्यावर शिकवलं ते डोक्यावरून गेलं का?"

खरंच गेलं होतं. मी ऑस्मॉसिसची व्याख्या स्वल्पविरामासकट पाठ केली होती आणि तिचा आमच्या पातेल्याशी काही संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाईंनी मला ओट्यावर बसवलं. म्हणाल्या, "हे पाह्य. या आवळ्यात लाखो पेशी. दर पेशीभोवती एक पडदा. पानी त्या पडद्यातून सहज ये-जा करते, त्याले कोनी अडवत नाई. साखरेले तसं जाता येत नाई. तिच्यासाठी दार पाहिजे, अन् दार उघडलं पाहिजे. तू बाहेर घट्ट साखर ठेवली, आत पातळ रस. मग पानी कुठे जाईन? बाहेर. साखर आत शिरायच्या आधीच आवळा रिकामा. तुये अब्बा नीट उकडून पडदा ढिला करतात, मग पातळ पाकापासून चढत जातात, म्हणजे साखरेले आत जायले वेळ भेटते. त्यायनं पडदा कधी पाह्यला नाई, पन त्याच्यासंगं कसं वागावं ते त्याईले ठाव आहे." मग आवळा परत देत सहज म्हणाल्या, "मानसाचंही असंच असते वो. रक्तात साखर लय झाली अन् पेशीचं दार उघडत नसलं, की पेशीतलं पानी ओढल्या जाते. मानूस पानी पानी करते, पुन्हा पुन्हा लघवीले जाते, वाळत जाते. पोटभर खाऊन उपाशी राहते. जुने वैद्य तर लघवीले मुंग्या लागल्या की वळखत."

मी उभी राहिले ते मला आठवतं. रुमाल ओट्यावरच राहिला. बाई मागून हाका मारत होत्या, "काय झालं? नसीम, काय झालं वो?" मी बाजारातून, भाजीच्या पाट्यांमधून, ओढणी सावरायचंही भान न ठेवता पळत सुटले. डोक्यात एकच, वाटी. रोजचा वाटीभर पाक. बोट फिरवून दाखवायची मी, हे राहिलं.

घरी अब्बा बाजेवर पडले होते, उशाशी लिंबाचं सरबत. मी पेला उचलून अंगणात फेकला. अम्मी मारायलाच धावली. मी हुंदके देत देत सगळं एका दमात सांगितलं, पडदा, दार, पाणी, मुंग्या. अम्मीला त्यातलं काही कळलं नाही. अब्बांना कळलं, आणि ते हसले. "ज्याच्या घरी गोड शिजते त्याले गोडाची बिमारी? लोकं ऐकतीन तं मुरब्बा कोन घेईन? कमजोरी हाये, जाईन." दवाखान्यात जायचं नाही म्हणजे नाही. त्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता आणि मी त्यांचा हात धरला तर मनगटावरची कातडी चिमटीत धरली तशीच उभी राहिली, खाली बसलीच नाही. सकाळीच मी असा आवळा पाहिला होता.

मग मी अम्मीला परसात नेलं. म्हटलं, "तू माझं पुस्तक नको मानू, स्वतःच्या डोळ्यांनी बघ." आम्ही मोरी राखेने घासली, चार बादल्या पाणी ओतलं, कोपरा न् कोपरा स्वच्छ केला. भांडं, वाटी, चमचा, काही तिथे येऊ दिलं नाही. अब्बा मोरीकडे जाऊन आले, आणि आम्ही दोघी मायलेकी दाराआड वाट बघत बसलो. अम्मी ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होती. मला वाटत होतं, मुंग्या येऊ नयेत. आयुष्यात पहिल्यांदा माझा अभ्यास चुकावा असं मला मनापासून वाटलं. आधी एक आली. विटेच्या फटीतून. तिने वाट शोधली, माघारी गेली, आणि मग भिंतीवरून रांग उतरायला लागली.

अम्मी बघत राहिली. हळदीचा डबा तिच्या हातात होता, पण तिने चिमूट टाकली नाही. "अन् मी तुले रागावली," एवढंच म्हणाली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. मग सरळ आत गेली. अब्बांशी ती कधी चढ्या आवाजात बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. "उठा! लोकं मुरब्बा घेतीन का नाई घेतीन, तुमी नसान तं कराले कोन आहे इथं? खामगावची गाडी सापडते अजून. उठा म्हन्ते ना!" आणि अब्बा उठले. उठले म्हणजे आम्ही दोघींनी उठवले. गाडीत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. नांदुऱ्यापर्यंत ते माझ्याशी बोलत होते, नंतर हाक मारली तर फक्त हुंकार द्यायचे, आणि खामगाव आलं तेव्हा तोही येईना. कंडक्टरने आणि दोन अनोळखी माणसांनी त्यांना उचलून खाली घेतलं. त्या तिघांना मी आजही दुआ देते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, इन्शुलिन टोचलं. बाहेर येऊन म्हणाले, आणखी एखादा दिवस घरी ठेवलं असतं तर आणून उपयोग झाला नसता. मी विचारलं, हे इन्शुलिन काय करतं? शाळकरी पोरीच्या तोंडी असा प्रश्न ऐकून त्यांना गंमत वाटली असावी. म्हणाले, "साखर रक्तात आहे, पेशीबाहेर उभी आहे. हे औषध तिला दार उघडून देतं."

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. अब्बा बरे झाले. गालांचे खड्डे भरले, सदरा पुन्हा अंगाला बसला. औषधाची बाटली आम्ही पाणी घातलेल्या गाडग्यात ठेवायचो, फ्रिज कुणाकडे होता तेव्हा? काचेची सिरिंज रोज उकळायची, अन् सुई मीच टोचायची. मुरब्बा ते करतच राहिले, स्वतः जिभेवर एक थेंबही न ठेवता. गावाला कळलंच, आणि लोकांनी मुरब्बा घ्यायचं सोडलं वगैरे काही नाही. उलट चाचा आता न चाखता करतात याचं कौतुक व्हायला लागलं. लोक चमत्कारिक असतात. माझे ते सुपारीएवढे आवळे आम्ही पुन्हा पातळ पाकात घालून पाहिले. निम्मे जरा फुगले, निम्मे तसेच राहिले, आणि माझ्या मैत्रिणींनी ते वर्षभर गोळ्यांसारखे चघळले.

पण ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं ते दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवसाचं आहे. अब्बा शुद्धीवर आले होते, उशीला टेकून बसले होते. अम्मी चहा आणायला खाली गेली. तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नव्हते. अम्मीची पाठ वळली आणि माझा बांध फुटला. मी पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडत रडत म्हटलं, "अब्बा, मीच दिलं तुम्हाला. रोज. मीच मारत होते तुम्हाला, माझ्या हाताने."

अब्बांनी माझं डोकं वर केलं. "पागल झाली का तू?" ते म्हणाले. "मले तं त्या दिवसांत गोड गळ्याखाली उतरत नव्हतं. मळमळे नुसतं. अम्मीले सांगून बंद कराव, असं किती वेळा मनात आलं."

"मग काऊन खात होते?"

अब्बा खिडकीकडे वळले. लाजल्यासारखे. "तू कॉलेजात गेली तशी घरात थांबतच नव्हती. सकाळी पळते, सांजेले पुस्तकात. त्या वाटीपायी तू रोज माझ्यापाशी घडीभर बसे. मी नाई म्हटलं असतं, तं तू काहाले बसली असती?"

मी त्यांचा हात धरून पलंगाच्या कडेवर बसले. अम्मी चहा घेऊन आली, चहा निवून गेला. नर्सबाई येऊन म्हणाल्या, भेटायची वेळ संपली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही हाकललं तरी आज मी इथून उठणार नाही, आणि उठले नाही.